विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य व आपला धर्मग्राम
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवसमितीने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. तो इतिहास ह्या स्मरणिकेत इतरत्र आमच्याहून अधिक योग्य हातांनी लिहिला गेला आहे. आम्ही विषय मागून घेतला तो निराळा. आज सकाळच्या मिस्सेत ज्या मुलांनी गायन केले, ज्यांनी काल रात्री जागून पताका लावल्या, त्यांच्या मनात काय चालले आहे हे आपणांस कितपत ठाऊक आहे, हा तो विषय होय. आनंदाच्या दिवशी असला प्रश्न काढणे म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकणे आहे, असे कोणास वाटेल. तसे वाटले तरी तो आज काढणे आम्हांस प्राप्त आहे. कारण एवढे पालक एका ठिकाणी पुन्हा कधी जमतील, ह्याचा नेम नाही.

प्रारंभ एका विद्यार्थ्याच्या कथेने करतो. सन १५८६ च्या सुमारास पॅरिस शहरी येशूसंघीयांच्या विद्यालयात सॅव्हॉय प्रांतातील एका सरदार घराण्याचा तरुण शिकत होता. बुद्धीने तल्लख, वर्तनाने निर्मळ, वय अवघे १९ च्या आसपास. ह्या तरुणाच्या मनाने एकाएकी असे घेतले की, देवाने आपणांस टाकून दिले आहे व आपले तारण होणे नाही. अन्न गोड लागेना, डोळ्यास डोळा लागेना, शरीर खंगत चालले. सुमारे सहा आठवडे हे चालले. अखेर एके दिवशी तेथील एका ख्रिस्तमंदिरात पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करीत असता त्याच्या मनावरील ओझे उतरले. हाच तरुण पुढे जिनिव्हाचा बिशप झाला व संत फ्रान्सिस द सेल्स ह्या नावाने जगास वंद्य झाला. ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. परंतु सांगताना शेवटचा दिवस तेवढा सांगतो आणि ते सहा आठवडे गाळतो. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्या सहा आठवड्यांविषयी.

ह्या संताचे नाव घेऊन १८३८ साली फादर मेर्मिये ह्यांनी आजच्या फ्रान्समधील आनसी येथे एक मिशनरी संघ स्थापिला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणम येथे पोहोचले आणि तेथून त्यांचे कार्य नागपूरपर्यंत पसरले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला. त्यातूनच १९५५ साली आपला अमरावती धर्मप्रांत वेगळा निघाला, व त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हेही ह्याच संघाचे होते. तात्पर्य, ज्या संताच्या लेकरांनी ह्या प्रांती धर्मसेवा केली, तो संत स्वतः एके काळी मनाने खचलेला विद्यार्थी होता. आणि तरीही आपल्या घरात एखादा मुलगा 'माझे कशात मन लागत नाही' असे म्हणाला, तर आपल्या तोंडून पहिले उत्तर निघते ते 'तुला काय कमी आहे?' हे! त्यावर मुलाने काय बोलावे? कमी काहीच नाही, हे त्यासही ठाऊक असते. म्हणून तो गप्प बसतो, आणि आपण समजतो की प्रश्न मिटला.

वऱ्हाडातील मुलांची दुःखे एका साच्याची नाहीत. खेड्यातील मूल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आईबापांची कुजबूज ऐकत असते. सोसायटीचे कर्ज, सोयाबीनचा पडलेला भाव, बी-बियाण्याची उधारी, हे सर्व त्यास पाठ असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी फस्त केली, तेव्हा मोठ्यांच्या सभा झाल्या, पंचनामे झाले. परंतु त्या वर्षी वर्गात बसलेल्या मुलास 'घरी कसे चालले आहे?' असे किती जणांनी विचारले असेल? ज्या घराने शेतकऱ्याची आत्महत्या पाहिली, त्या घरातील मूल तर पुस्तक उघडून बसते आणि एकच पान तासभर पाहत राहते. अशास आपण आळशी म्हणतो.

दुसरे मूल अकोल्याचे. गेल्या काही वर्षांत अकोला शहर नीट व जेईई ह्या परीक्षांच्या शिकवणीवर्गांसाठी साऱ्या वऱ्हाडात नावाजले. वाशीम-बुलढाण्याकडील, यवतमाळकडील मुले सोळाव्या-सतराव्या वर्षी तेथे खोली घेऊन राहतात व खानावळीचा डबा खातात. बापाने वावर गहाण ठेवून शुल्क भरलेले असते, आणि ते गहाणखत मुलगा मनात बाळगून फिरतो. २०२४ साली नीट परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. हा हिशेब शिकवणीवाल्यांस ठाऊक असतो, शाळेस ठाऊक असतो. फक्त घरी कोणी मांडीत नाही. वीस-बावीस लाख मुलांस जागा मिळणार नाही हे गणिताने ठरलेले असता, ज्यास ती मिळाली नाही त्यास आपण नालायक ठरवितो, ह्यास काय म्हणावे!

तिसरे मूल मेळघाटातील. धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू मूल सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत येते, तेव्हा त्याच्या कानावर पडणारी भाषा त्याच्या आईची नसते. कोरकू बोली मराठीच्या कुळातली नव्हे. ती मुंडा कुळातील, अगदी निराळी. दिवाळीनंतर आईबाप मजुरीस परमुलखी जातात. मूल रडते ते कोणत्या भाषेत, हेही गुरुजींस कळत नाही, आणि ते रडावयाचे थांबले म्हणजे 'आता रुळले' अशी नोंद होते. थांबले आणि रुळले ह्यांत महदंतर आहे.

आकड्यांविषयी फार बोलत नाही. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या दर शंभर मुलांमागे सुमारे सात मुलांस कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात तीन-चार मुले. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व प्रांतांत मोठा होता. शिवाजी-ज्ञानोबांच्या ह्या महाराष्ट्रात असे व्हावे, ही गोष्ट आम्हांस रात्री झोपू देत नाही.

येथे आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. आम्ही शिकवीत होतो त्या काळी प्रत्येक चाचणीनंतर गुण मोठ्याने वाचून दाखविण्याची आमची पद्धत होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने. ह्याने मुलांत ईर्ष्या उत्पन्न होते, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. शेवटच्या बाकावरील एक मुलगा निकालाच्या दिवशी नेमका पोटदुखीने गैरहजर राहू लागला. तिसऱ्या वेळी आम्ही त्यास भर वर्गात ढोंगी म्हटले. वर्ग हसला. त्यानंतर तो मुलगा काही दिवस आला, मग येईनासा झाला, व त्याची शाळा सुटली ती सुटलीच. कित्येक वर्षांनी बाजारात भेट झाली. त्याने वाकून नमस्कार केला, मुलाबाळांची हकीकत सांगितली, आणि निघता निघता हसून म्हणाला, "सर, पोट खरंच दुखे जी."

पोट खरेच दुखत होते. मनाची भीती मुलाच्या शरीरात उतरते; पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे किंवा सदोदित झोप येणे, ही तिची बोली होय. डॉक्टरास तपासणीत काही सापडले नाही म्हणजे मूल खोटे बोलते, असे नव्हे. जे मूल खेळत होते ते खेळेनासे झाले, मित्रांपासून दूर राहू लागले, एकाएकी चिडू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर तेथे थांबून विचारावे. आज २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत छडीस जशी बंदी आहे, तशीच मुलाचा मानसिक छळ करण्यासही आहे. आमचे ते गुणवाचन आज त्या कलमात बसले असते.

आता घरी काय करावे? पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. एवढा पराक्रमी पुरुष, परंतु भयाने व थकव्याने खचून रानात एका रतामाच्या झुडुपाखाली बसला आणि आता मरण आले तर बरे, असे देवास म्हणू लागला. देवाने त्यास काय केले? रागावला नाही, उपदेश केला नाही, इतर संदेष्ट्यांची उदाहरणे दिली नाहीत. दूताच्या हातून निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे पात्र पाठविले; एलीयाने खाल्ले, आणि देवाने त्यास पुन्हा झोपू दिले. पुन्हा उठविले, पुन्हा खाऊ घातले. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न पुष्कळ दिवसांनी, डोंगरावर पोहोचल्यावर आला. आपण मात्र मूल दारात पाय ठेवते न ठेवते तोच गुण विचारतो. आधी भाकर, मग झोप, मग प्रश्न, हा क्रम आपल्या आज्यांस पुस्तक न वाचताही ठाऊक होता.

आणि प्रश्न विचारावयाचा तर सरळ विचारावा. मुलाच्या बोलण्यातून जीव नकोसा झाल्याची शंका आली, तर 'जीव द्यावा असे मनात येते का?' असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट, कोणी तरी विचारले ह्यानेच पुष्कळांस धीर येतो. उत्तर 'होय' आले, तर मुलास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. २०२२ सालापासून सरकारने टेलिमानस नावाची दूरध्वनिसेवा चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक प्रत्येकाने घरी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

हे बोलताना एका जुन्या भयास हात घालावा लागतो. आपल्यापैकी वृद्धांस आठवत असेल की, आत्महत्या केलेल्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९१७ च्या धर्मसंहितेत तसा नियम होता. त्या भयाने कित्येक कुटुंबांनी दुःखही लपविले आणि आजारही. १९८३ च्या संहितेतून तो निर्बंध गेला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने जीवन हे देवाचे दान आहे हे ठामपणे सांगूनच पुढे म्हटले आहे की, गंभीर मानसिक व्यथा, भय वा यातना ह्यांमुळे त्या माणसाचे उत्तरदायित्व कमी होते. अशांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. राज्याचा कायदाही ह्याच दिशेस वळला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे. ख्रिस्तसभा दार उघडते, सरकार दार उघडते, आणि आपण मात्र शेजारी काय म्हणतील म्हणून खिडक्या लावून बसतो.

मुख्य मुद्दा आता. मुलाने सांगावयाचे कोणास? आपण म्हणतो, आई आहे, बाप आहे, वर्गशिक्षक आहेत. सर्व खरे. परंतु बापाने शुल्क भरले आहे, शिक्षकाच्या हाती गुण आहेत, मुख्याध्यापकाच्या हाती दाखला आहे. ज्याच्या हाती आपले भवितव्य आहे त्याजपाशी आपली दुर्बलता उघडी करणे मोठ्यांसही जमत नाही. आपल्यापैकी किती जणांनी आपले दुःख वरिष्ठास सांगितले आहे?

ही गोष्ट ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखली होती. धर्मशास्त्राचा अधिकार आम्हांस नाही, चुकलो तर फादर सुधारतील. परंतु धर्मसंहितेत असा नियम आहे की, गुरुकुलाच्या अथवा शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने आपल्याच छत्राखाली राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. विद्यार्थ्याने विशिष्ट प्रसंगी आपण होऊन मागितले तरच ऐकावे. १९८३ च्या संहितेचे हे ९८५ वे कलम आहे, आणि १९१७ च्या संहितेतही त्याच अर्थाचा नियम होता. हेतू उघड आहे. जो शिक्षा व बढती देतो, त्यानेच अंतःकरणाची किल्लीही मागावी, हे योग्य नव्हे. अधिकारी कितीही सज्जन असो, विद्यार्थ्याची जीभ त्याजपुढे अडखळतेच.

आता ह्याच गोष्टीचा अनुभव शाळांतून कसा आला ते पाहा. २०१५-१६ साली बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग झाला. तो करणारी 'संगाथ' ही संस्था आपल्या शेजारच्या गोव्यातली. काही शाळांत स्थानिक, सामान्य सुशिक्षित माणसांस शिकवून तयार केले व मुलांचे ऐकण्यासाठी शाळेत नेमले. काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकांवर सोपविले. उरलेल्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. वर्षअखेर, जेथे वेगळा माणूस नेमला होता त्या शाळांचे वातावरण सुधारले, मुलांतील उदासीनता कमी झाली, दांडगाई व मारहाण कमी झाली. शिक्षकांकडे काम दिले तेथे मात्र काही फरक पडला नाही. ही शिक्षकांची निंदा नव्हे. आम्ही स्वतः शिक्षक आहो. शिक्षकास वेळ नसतो ही एक अडचण असेल. परंतु आमच्या मते मुख्य अडचण ही की, मूल त्याच्या हातातील लाल शाईची लेखणी विसरू शकत नाही.

अशी माणसे खेड्यापाड्यांत मिळावयाची कोठून, अशी शंका येईल. तिचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालला. त्यात गावपातळीवरील सामान्य माणसांस शिक्षण देऊन उदासीनतेने ग्रासलेल्या प्रौढांपर्यंत पाठविले, आणि अवघड रुग्ण तेवढे मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. प्रारंभी अशा रुग्णांपैकी शंभरात चौघे-पाचच मदतीपर्यंत पोहोचत होते. १८ महिन्यांनी ते सत्तावीसपर्यंत गेले. पदव्यांचे भेंडोळे नसलेली, परंतु ऐकून घेण्याचे शिक्षण मिळालेली व पाठीशी डॉक्टर असलेली माणसे हे करू शकली.

एक गैरसमज होऊ नये. असा समुपदेशक म्हणजे पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू नव्हे. पापनिवेदनाची मुद्रा कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. समुपदेशकानेही गुप्तता राखावीच. मुलाने सांगितलेले शिक्षकखोलीत चहाबरोबर चघळले गेले, तर मूल पुन्हा येणार नाही. परंतु मुलाच्या जिवास धोका असेल, किंवा कोणी त्याचा छळ करीत असेल, तर त्यास मौन सोडून योग्य माणसास कळवावेच लागते, आणि हे मुलास पहिल्याच भेटीत सांगावे लागते. शिवाय, उदास वाटणे हे पाप नव्हे. मुलाने फादरांकडे जाऊन 'मी दुःखी आहे' अशी क्षमा मागावी, अशी पाळी आपण येऊ देता कामा नये. प्रार्थना हवी, मिस्सा हवी, जपमाळ हवी. ताप आला असता आपण जपमाळही म्हणतो व औषधही घेतो, तसेच येथे.

ज्या विशाखापट्टणमास संत फ्रान्सिसचे मिशनरी येऊन पोहोचले, त्याच शहरी २०२३ साली नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी न्याय मागितला, आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात देशातील सर्व शिक्षणसंस्थांस मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक शिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. शिकवणीवर्गांनी गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत व चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. एका बापाच्या दुःखातून हे निघाले आहे, हे आपण विसरू नये.

आमची सूचना अशी. आपल्या आवारात धर्मशिक्षणाच्या वर्गाशेजारी जी खोली आज जुन्या बाकांनी भरली आहे, ती मोकळी करावी. तिचे दार शाळेच्या कचेरीसमोरून नसावे. आत कोण जाते हे मुख्याध्यापकांस दिसू नये. तेथे आठवड्यातून निदान तीन दिवस एक शिक्षित समुपदेशिका बसावी. तिने मुलास गुण देऊ नयेत, हजेरी घेऊ नये, तक्रार ऐकून शिक्षाही करू नये. ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, मुसलमान, जो विद्यार्थी येईल त्याचे तिने ऐकावे. मेळघाटातून आलेल्या मुलांसाठी कोरकू जाणणारे कोणी तिच्या मदतीस असावे. आणि अकोल्यास खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील मुलांकडे पंधरवड्यातून एकदा कोणी तरी घरचा डबा घेऊन जावे, व गुणांविषयी एक अक्षरही न विचारता परत यावे. हे काम महिलामंडळाने पत्करल्यास उत्तम.

ह्यास पैसा लागेल. महोत्सवाच्या वर्गणीतून जी रक्कम उरेल ती प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारण्यास लावावी, असा एक विचार समितीपुढे आहे, आणि तो मांडणाऱ्यांच्या भक्तीविषयी आम्हांस आदर आहे. ती रक्कम समुपदेशिकेच्या पहिल्या दोन वर्षांच्या वेतनास राखून ठेवावी, असा ठराव आम्ही येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्राम परिषदेपुढे आणणार आहो. ज्यांस तो मान्य असेल त्यांनी उपस्थित राहावे. ज्यांस अमान्य असेल त्यांनीही राहावे. आणि येताना आपल्या मोठ्या मुलामुलींस बरोबर आणावे, कारण ती खोली कशी असावी हे त्यांस विचारल्यावाचून ठरविणे आम्हांस बरे वाटत नाही.